मेहरीनचा इस्लामियातचा पेपर

“हळू बोल, गॅरेजचं दार उघडं आहे,” अतुल म्हणाला.

“मग लाव जा. लाव आणि परत ये. अर्धं बोलून पळायचं नाही आज.”

अतुलनं जाऊन बटण दाबलं. दार कुरकुरत खाली आलं, तोपर्यंत तो तिथेच उभा राहिला. नोव्हेंबर लागला होता तरी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचा उकाडा हटला नव्हता. स्वयंपाकघरात एसीची घरघर चालू होती आणि ओट्याजवळ उपासना एक स्टीलचा डबा हातात धरून उभी होती.

“सरळ विचारते. माझ्या फोनवरून, माझ्या नावानं, मेहरीनला मेसेज तू पाठवलास की नाही?”

“तू ऐकलं असतंस का माझं?”

“हो की नाही?”

“हो. पाठवला. झालं समाधान?”

उपासनाला काल संध्याकाळीच कळलं होतं. दुसरं कोण करणार? तरी तो ‘नाही’ म्हणेल, फोनचाच काही घोटाळा निघेल, अशी एक वेडी आशा रात्रभर तिनं सांभाळली होती. ती आता संपली. तिनं डबा ओट्यावर ठेवला. रिकाम्या डब्याचा आवाज मोठा होतो.

हा डबाच आधी बोलला होता. मागच्या आठवड्यात तिनं त्यातून तीन घरं पलीकडे, नसरीनबाजींकडे तिळाची चटणी आणि भाकऱ्या पाठवल्या होत्या. दोन्ही घरांची रीत एकच. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. नागपूरला उपासनाची आई तसंच करायची आणि मुलतानला नसरीनबाजींची अम्मीही. चार वर्षांत डबा कधी शेवयांनी, कधी खजुरांनी भरून आला होता. काल तो दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलेला सापडला. लख्ख घासलेला, कोरडा. कुणी बेलसुद्धा वाजवली नव्हती.

त्याआधी चार दिवस बाजींची भाची मेहरीन तिच्याकडे अभ्यासाला आली नव्हती. बरं नसेल, असं उपासनानं स्वतःला समजावलं होतं. डबा पाहिल्यावर मात्र ती चपला घालून तशीच निघाली.

नसरीनबाजींनी दार उघडलं, पण त्या दारातून बाजूला झाल्या नाहीत. “कोई बात नहीं, बहन,” त्या फार गोड बोलल्या. इतक्या गोड त्या एरवी कधी बोलत नसत. “सब को अपना दीन प्यारा होता है। हम ने बुरा नहीं माना।”

“कशाचं वाईट?” गोंधळून उपासना मराठीतच बोलून गेली.

तेव्हा त्यांनी मेहरीनचा फोन पुढे केला. इंग्रजी सफाईदार होतं. ‘प्रिय मेहरीन, आमच्या धार्मिक श्रद्धांमुळे हा विषय आमच्या घरात शिकवणं यापुढे मला योग्य वाटत नाही. कृपया येऊ नकोस. तू समजून घेशील याची खात्री आहे. उपासना आंटी.’ 

जिन्याच्या वरच्या पायरीवर मेहरीनची सलवार दिसली आणि लगेच आत गेली.

‘हे मी लिहिलेलं नाही,’ असं उपासना म्हणू शकली असती. पण ते म्हटलं की पुढचं वाक्य, ‘माझ्या नवऱ्यानं लिहिलंय,’ हे आपोआप आलं असतं. एकोणीस वर्षं ते वाक्य गिळायची सवय झालेली. “फोनचं काहीतरी झालंय,” असं पुटपुटून ती परत आली होती.

*

उपासना गजभिये, माहेरची मेश्राम. नागपूरच्या इंदोऱ्यातली. वडील रेल्वेत फिटर. विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांची अभ्यासिका चालायची, तिथे ती मॅट्रिकपासून बसायची. पुढे स्पर्धा परीक्षांच्या नादाला लागली आणि तिच्या हातात एक विद्या आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. उत्तर कसं लिहायचं ते तिला कळायचं. प्रश्न काय विचारतोय, परीक्षक काय शोधतोय, कुठे थांबायचं. अख्खी अभ्यासिका आपली उत्तरं तिच्याकडून तपासून घ्यायची. तिच्या लाल पेनाला पोरं घाबरायची. “ताई, थोडं तरी पांढरं ठेवा,” म्हणायची. तिनं उत्तरं तपासलेली तीन-चार पोरं पुढे साहेब झाली. ती स्वतः एकदा मुलाखतीपर्यंत गेली आणि थोडक्यात राहिली.

तेव्हाच अतुलचं स्थळ आलं. केमिकल इंजिनियर, ह्यूस्टनला नोकरी, सावकाश बोलणारा, सभ्य. बैठकीत वडिलांसमोर तो म्हणाला, “बाबा, हिची परीक्षा माझी जबाबदारी. परीक्षेच्या वेळी तिकीट काढून मी स्वतः पाठवीन.” वडिलांचे डोळे भरून आले होते. पहिल्या वर्षी व्हिसाचं काम अडलेलं होतं, देश सोडता येत नव्हता. दुसऱ्या वर्षी हर्षिता पोटात. मग सासूबाईंचं ऑपरेशन, मग घराचे हप्ते. प्रत्येक कारण खरं होतं. खोटं म्हणावं असं एकही नव्हतं, त्यामुळे भांडताही आलं नाही. वयाची मर्यादा उलटली त्या वर्षी तिनं पुस्तकांची पेटी गॅरेजमध्ये ठेवली आणि शाळेच्या लायब्ररीत अर्धवेळ कामाला लागली.

ह्यूस्टनच्या आंबेडकरी मंडळात मात्र तिच्या लेखणीला मान होता, फक्त तो अतुलच्या तोंडून मिळायचा. दरवर्षी सहा डिसेंबरला आणि चौदा एप्रिलला अतुल भाषण करायचा. लिहायची उपासना. तो आरशासमोर पाठ करायचा. लोक टाळ्या वाजवायचे, “गजभिये साहेबांचा अभ्यास दांडगा,” म्हणायचे. ती मागे खिचडीच्या पातेल्यापाशी उभी राहून ऐकायची, आणि तिचं वाक्य त्यानं चुकीच्या जागी तोडलं की मनात चरफडायची.

मेहरीन आली ती वसंतात. नसरीनबाजींच्या भावाची मुलगी, ह्यूस्टनला एम.ए. करायला आलेली. तळ्याभोवती संध्याकाळी फिरताना बाजींनी ओळख करून दिली. “ये सीएसएस दे रही है।” आपल्याकडची यूपीएससी तशी पाकिस्तानातली सीएसएस. उपासनाचे कान टवकारले.

“पिछली बार एक पेपर में रह गई, आंटी,” मेहरीन मान खाली घालून म्हणाली.

“किस में?”

“इस्लामियात में।”

म्हणजे इस्लाम धर्माच्या सक्तीच्या पेपरात. बाजींनी कपाळाला हात लावला. मेहरीन म्हणाली, “ख़ानदान में चार हाफ़िज़ हैं, पूरा क़ुरान ज़बानी याद है उन्हें, और मैं इस्लामियात में फ़ेल। अब्बू ने किसी को बताया ही नहीं। सब से कहा, अंग्रेज़ी में रह गई।”

उपासना इतकी हसली की बाकावर बसली. मग म्हणाली, “काय लिहिलं होतंस ते आठवत असेल तर लिहून आण.”

मेहरीननं आणलं. प्रश्न जकातीवर होता. समाजातली विषमता कमी करायला जकातीचा कितपत उपयोग होतो, असा. चार पानं उत्तर. चारही पानांत जकात फार चांगली आहे, एवढंच लिहिलेलं.

“हे कुणासाठी लिहिलंस?”

“मतलब?”

“अल्लाह को तो सब मालूम है, बेटा. बताना एग्ज़ामिनर को है।”

मेहरीननं ओढणी तोंडाला लावली आणि खूप वेळ हसत राहिली. त्या दिवसापासून ती रोज यायला लागली. दोघींचं बोलणं चालायचं ते उपासनाच्या नागपुरी हिंदीत.

विषय मेहरीनचा, रीत उपासनाची. पण रीत शिकवायची तर विषयही कळायला हवा, म्हणून उपासनानं लायब्ररीतून पुस्तकं मागवली. जकात कुणाकडून घ्यायची, ती मिळण्याचा हक्क असलेले आठ प्रकारचे लोक कोण, गोळा करायची जबाबदारी राज्याची की ज्याची त्याची, हे ती भाजी चिरता चिरता मेहरीनला विचारायची. अडखळली की, “पुन्हा. आधी प्रश्न वाच,” म्हणायची. गॅरेजमधून लाल पेन आत आला. नसरीनबाजींच्या डब्यातल्या मसाल्याचा वास अतुलला आवडायचा, आणि मेहरीनच्या येण्याचंही सुरुवातीला त्याला काही वाटलं नाही. तो यायच्या वेळेला मेहरीन निघून गेलेली असायची.

एकदा पैगंबरांच्या शेवटच्या प्रवचनावरचा प्रश्न होता. अरब गैरअरबापेक्षा श्रेष्ठ नाही, गोरा काळ्यापेक्षा श्रेष्ठ नाही. उपासनानं पेन खाली ठेवला. “तुमच्या गावात सगळे एका पंगतीत जेवतात?”

मेहरीननं वही मिटली. मग म्हणाली, “नहीं, आंटी। सफ़ाई वालों का कप अलग होता है। हमारे घर में भी था। खिड़की में रखा रहता था।”

“आमच्या आजोबांना ओंजळीत पाणी घ्यावं लागायचं,” उपासना म्हणाली. “वरून ओतायचे.”

त्या उत्तरात मेहरीननं शेवटी एक परिच्छेद घातला. प्रवचनात काय सांगितलं आहे आणि आपण काय करतो, यावर. उपासनानं त्यावर लाल रेघ ओढली नाही. अभ्यासिकेतल्या पोरांनाही फार क्वचित मिळालेला शब्द तिनं लिहिला. ‘उत्तम.’

*

“तू दुसऱ्या बाजूनं विचारच करत नाहीस,” अतुल आता म्हणत होता. “जानेवारीत आपला सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. हे दिवस कसले आहेत ते दिसतंय ना? घरच्या कॉम्प्युटरवर तू काय काय शोधलंस बघ. जिहादची व्याख्या. जिहादचे प्रकार. माझ्या अकाउंटवरून, उपा! कुणी काढून विचारलं तर काय सांगू, बायको शेजारच्या पोरीला पाकिस्तान सरकारच्या परीक्षेला बसवतेय?”

“हो. तसंच सांग. खरं आहे ते.”

“खरं आहे म्हणून काय झालं? माझ्या कंपनीत आत्ता कुणाला काढतील ते कुणाला माहीत नाही. सगळा डोलारा माझ्या एकट्याच्या जिवावर उभा आहे.”

त्याची भीती खोटी नव्हती. उपासनाला ती कळत होती. त्यानं भीती म्हणून सांगितली असती तर ती लायब्ररीत जाऊन बसली असती, तिथल्या कॉम्प्युटरवर शोधलं असतं. यावरही उत्तर निघालं असतं.

“मग मला का नाही सांगितलंस? तोंड होतं ना?”

“सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास.”

“म्हणून माझ्याच तोंडानं बोललास.”

अतुलनं फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला. “आणि लोकही बोलतात. धम्मचक्र दिनाच्या पॉटलकला मंडळातला लहू सगळ्यांसमोर काय म्हणाला, आठवतंय ना? ‘वहिनी, धम्म सोडून कलमा कधी?’”

“आठवतंय. तू हसला होतास तेही आठवतंय.”

वरून पावलं वाजली. हर्षिता जिन्यात येऊन उभी राहिली. सतरा वर्षांची, इथेच जन्मलेली. शाळेत समतेच्या क्लबची अध्यक्ष, त्याचा टीशर्ट आत्ताही तिच्या अंगात होता. “कॅन यू गाइज प्लीज नॉट शाउट?”

“हर्षिता, इकडे ये,” उपासना म्हणाली. काल रात्रीपासून तिला एक गोष्ट सलत होती. अतुलचं इंग्रजी इतकं सफाईदार नव्हतं. “तो मेसेज तू लिहिलास?”

हर्षितानं वडिलांकडे पाहिलं. तेवढं पाहणं पुरे होतं.

“आय जस्ट मेड इट पोलाइट, आई. पप्पांचं खूप रूड होतं. ही सेड ही वुड टेल यू.”

“धर्माचं कुणी सुचवलं?”

“मी,” हर्षिता म्हणाली. मग घाईनं, “बिकॉज नोबडी आर्ग्यूज विथ रिलिजन. शाळेत पण असंच असतं. तुम्ही रिलिजस रीझन म्हणालात की कुणी का विचारत नाही. इट्स द नाइसेस्ट वे टू से नो.”

उपासना खुर्चीवर बसली. फोनही तिला आठवला. घरात सगळ्यांच्या फोनला पासवर्ड एकच, हर्षिताचा वाढदिवस. ‘आपल्यात लपवायचं काय आहे,’ असं म्हणून अतुलनंच तो ठरवला होता. मेसेज पाठवून त्यांनी तिच्या फोनवरून पुसूनही टाकला होता.

“काहून रे?” ती म्हणाली, आणि फार दिवसांनी तिच्या तोंडी माहेरची बोली आली. “काहून? दुसरं काही नाही सापडलं? तब्येत सांगायची होती. वेळ नाही सांगायचं होतं. आजोबा छप्पन साली चालत गेले होते दीक्षाभूमीवर, कशासाठी गेले होते? कुणीतरी कुणाला ‘आमच्या धर्मात बसत नाही, दारात येऊ नको,’ म्हणत होतं म्हणूनच ना? आणि तुम्ही दोघांनी तेच वाक्य माझ्या नावानं पाठवलं. त्या पोरीनं मला खिडकीतल्या कपाची गोष्ट सांगितली होती. मला. तिला आता काय वाटत असेल?”

“तू फार ताणतेस,” अतुल म्हणाला. “चार दिवसांत सगळे विसरतील. तिला ऑनलाइन क्लास मिळेल. तू एवढी कशाला गुंततेस कळत नाही. तुला काय त्यातून परीक्षेला बसायचंय?”

बोलून गेल्यावर त्याच्याही लक्षात आलं. पण तो थांबला नाही, घाईत विषय बदलला. थांबायला हवं होतं.

“बरं, सहा डिसेंबरचं बघ जरा. या वेळी पंधरा मिनिटं दिलीयत. बंधुतेवर कर काहीतरी. मला पाठ करायला वेळ लागतो.”

हर्षिता “ओ माय गॉड, पप्पा,” म्हणाली आणि वर निघून गेली.

 उपासना उठली. डाळ भिजलेली होती, तिचे वडे केले. पातेल्यातलं तेल तापेपर्यंत अतुल तिथे घुटमळला, मग गवत कापायला बाहेर गेला. उपासनानं वडे डब्यात भरले, कागद घालून झाकण लावलं, आणि पेल्यातला लाल पेन घेतला.

*

या वेळी नसरीनबाजींनी दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, “बाजी, मैं अंदर आऊँगी।”

बाजी बाजूला झाल्या.

“मेहरीनला बोलवा. तिच्यासमोरच सांगायचंय.”

मेहरीन आली आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. एरवी ती शेजारी बसायची, उपासनाच्या खांद्यावरून वाचत.

“तो मेसेज मी लिहिला नाही,” उपासना म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं ठरवलं. माझ्या मुलीनं लिहिला. मला न सांगता, माझ्या फोनवरून. काल मी दारात खोटं बोलले, फोनचं काहीतरी झालं म्हणून. ते घर झाकायला. आज नाही झाकत.”

 नसरीनबाजी डब्याकडे बघत होत्या. त्यांना या वाक्याची किंमत कळली होती. त्यांनीही आयुष्यभर घर झाकलंच असणार.

“मैं ने सोचा था,” मेहरीन हळू म्हणाली, “कि कोई और ये कहे तो समझ में आता है। आप कैसे…” तिनं वाक्य सोडून दिलं.

“मला माहीत आहे.”

“आंटी, अंकल फिर मना करेंगे तो?”

“मी इथे येईन. तू त्या घरात यायची गरज नाही.”

मेहरीननं आपल्या आत्याकडे पाहिलं. बाजी डबा उचलून आत घेऊन गेल्या. मेहरीन वर गेली आणि कागद घेऊन आली. चार-पाच दिवसांतली उत्तरं होती. न तपासलेली. ती पुन्हा शेजारी बसली नाही. टेबलाच्या पलीकडून तिनं कागद सरकवले.

उपासनानं वाचायला घेतलं. पहिल्याच उत्तरात सुरुवात लांबली होती, मुद्दा दुसऱ्या पानावर आला होता. पाठीवर हात नसला की मुलं अशीच बडबडतात. तिनं लाल रेघ ओढली. “प्रश्न वाच,” ती म्हणाली. “पुन्हा.”

“जी,” मेहरीन म्हणाली. पूर्वी ती ‘अच्छा बाबा’ म्हणायची. आज ‘जी’ म्हणाली. ते परत यायला वेळ लागेल, किंवा येणारही नाही, हे उपासनानं ऐकून घेतलं आणि दुसरं पान उलटलं.

निघताना बाजींनी डबा हातात दिला. जड होता. रव्याचा हलवा, वर बदामाचे काप.

रात्री जेवताना उपासनानं तो डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. अतुलनं झाकण उघडलं, वास घेतला, आणि त्याचा चेहरा सैलावला. मिटलं, असं त्याला वाटलं असावं. “बघ,” तो म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?” आणि चमचा आत घातला. हर्षिता ताटाकडे बघत राहिली.

उपासनानं तिघांना पोळ्या वाढल्या आणि बसली.

“सोमवारपासून चार ते सात मी नसरीनबाजींकडे असेन,” ती म्हणाली. “जानेवारीत मेहरीन परीक्षेला जाईपर्यंत रोज. संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही दोघं बघा. मेसेज कुणी ठरवला आणि कुणी लिहिला ते मी त्यांना नावं घेऊन सांगितलंय. माझ्या फोनचा पासवर्ड बदललाय. आणि सहा डिसेंबरचं भाषण, अतुल, या वर्षीपासून तुझं तू लिही.”